नव्या मॉडेलचं सस्पेन्शन जुन्या गाडीत: काय बदललं ते ओळखा, मगच पाना हाती घ्या

नव्या वर्षाचं मॉडेल येतं, माहितीपत्रकात 'सस्पेन्शन सुधारलं' अशी एक ओळ असते आणि आधीच्या वर्षाची तीच गाडी चालवणाऱ्यांना प्रश्न पडतो: ते पार्ट आपल्या गाडीला बसतील का? बऱ्याचदा बसतात. बाहेरची मापं तीच ठेवून आतलं ट्यूनिंग बदलणं कंपनीलाही सर्वांत सोपं पडतं. पण पार्ट बसला म्हणून गाडी सुधारलीच असं होत नाही. स्प्रिंग, शॉकअप, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला जाताना अडवणारं रबर), स्टॅबिलायझर बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई), बुश (जोडांमधली रबरी नळी) आणि टायर हे सगळं एकमेकांना धरून जुळवलेलं असतं. त्यातला एकच तुकडा उचलून आणला तर जुना मेळही बिघडतो आणि नवाही जमत नाही.

नेमकं काय बदललं ते शोधायचं कसं

माहितीपत्रकातल्या ओळीवर भिस्त ठेवू नका. 'राइड अधिक आरामदायी' याचा अर्थ शॉकअपची अंतर्गत व्हॉल्व्ह रचना बदलली असाही असू शकतो आणि टायरची हवा दोन पीएसआयनं कमी सुचवली असाही असू शकतो. खरं उत्तर पार्ट नंबरात असतं. दोन्ही वर्षांच्या गाड्यांचे चॅसिस नंबर घेऊन अधिकृत पार्ट कॅटलॉगमध्ये पुढचा-मागचा शॉकअप, स्प्रिंग, बम्प स्टॉप, टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग), स्टॅबिलायझर बार, लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी दांडी), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि सबफ्रेम (हे सगळं ज्यावर बसतं ती खालची चौकट) यांचे नंबर समोरासमोर लिहून काढा. जे नंबर सारखे, ते पार्ट बदललेले नाहीत. तिथेच यादी निम्म्यानं कमी होते.

नंबर वेगळा दिसला तर पुढची गोष्ट बघायची. जुना नंबर बंद करून त्याच्या जागी नवा दिला असेल, म्हणजे जुन्या गाडीसाठी मागणी केली तरी कॅटलॉग नवाच पार्ट दाखवत असेल, तर तो जुन्या गाडीला बसतो असं कंपनीनंच मान्य केलेलं आहे. पण दोन्ही नंबर चालू असतील आणि मध्ये 'अमुक चॅसिस नंबरपासून पुढे' अशी रेघ असेल, तर सावध व्हा. तिथे माप, वजन किंवा जोडणी यांपैकी काहीतरी वेगळं आहे. कधीकधी फक्त ट्यूनिंग वेगळं असतं आणि पार्ट आरामात बसतो, पण ते गृहीत न धरता मोजून ठरवायचं.

मॉडेल वर्ष आणि गाडी बनल्याची तारीख एक नव्हेत. बऱ्याच कंपन्या चॅसिस नंबरच्या दहाव्या जागी मॉडेल वर्षाचं अक्षर देतात, सगळ्या देत नाहीत. शिवाय वर्षाच्या मधेच गुपचूप बदल होतात. म्हणून 'अमुक सालची' एवढ्यावर पार्ट मागवू नका, चॅसिस नंबर द्या.

बदल कोणत्या जातीचा आहे हे ओळखलं की निर्णय सोपा होतो. शेव्हरोले कॉर्व्हेअरचं उदाहरण जुनं असलं तरी चपखल आहे. १९६० सालच्या पहिल्या मॉडेलमध्ये मागे स्विंग ॲक्सल होता, म्हणजे चाक अर्ध्या ॲक्सलसकट वर-खाली झुलायचं, आणि जोरात वळताना मागचं चाक आत मुडपायची खोड होती. १९६४च्या मॉडेलमध्ये पुढे स्टॅबिलायझर बार नेहमीसाठी आला आणि मागे आडवी पाटा स्प्रिंग जोडली गेली. सांगाडा तोच, त्यात भर घातलेली. १९६५ला मात्र स्विंग ॲक्सल काढून मागचं सस्पेन्शन मुळातूनच नवं केलं. पहिल्या जातीचा बदल जुन्या गाडीत आणायचा विचार करता येतो, दुसऱ्या जातीचा नाही. अलीकडचं उदाहरण होंडा सिव्हिकचं. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलवर बरीच टीका झाली आणि पुढच्याच वर्षीच्या मॉडेलला अधिक कडक स्प्रिंग आणि अधिक जाड स्टॅबिलायझर बार मिळाले. हा पहिल्या जातीचा बदल आहे.

हातात पार्ट असेल तर कॅलिपरनं मोजा. इथे मिलिमीटरच्या अंशालाही किंमत आहे, कारण गोल सळईचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. स्टॅबिलायझर बार २२ मिमीचा २४ मिमी झाला की तो जवळपास ४२ टक्के कडक होतो. २३चा २४ झाला तर १९ टक्के. बार पोकळ असेल तर नुसता बाहेरचा व्यास बघून चालत नाही, आतला व्यासही लागतो. स्प्रिंगचंही तसंच: वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या तीच राहून तार १२ मिमीवरून १२.५ मिमी झाली तर कडकपणा सुमारे १८ टक्के वाढतो. तार मोजताना वरच्या पेंटचा थर धरू नका. आणि स्प्रिंगची मोकळी उंची बघून ती कडक की मऊ हे ठरत नाही. उंच स्प्रिंग मऊही असते.

शॉकअपमधला बदल मात्र मोजपट्टीला सापडत नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, फरक आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांत असतो. तिथे पार्ट नंबर हाच पुरावा.

दोन बदल पार्ट कॅटलॉगच्या सस्पेन्शनच्या पानावर दिसतच नाहीत. एक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं सॉफ्टवेअर. स्टिअरिंग जड केलं की चालवणाऱ्याला गाडी 'बसल्यासारखी' वाटते, सस्पेन्शनला हातही लावलेला नसतो. दुसरा, टायर. २०५/५५ आर १६ या टायरची बाजूची भिंत साधारण ११३ मिमी उंच असते, २२५/४० आर १८ची ९० मिमी. रबराची तेवीस मिमी उंची कमी झाली की लहान खड्ड्यांचा धक्का वेगळाच लागणार. उलट नव्या वर्षी कंपनीनं मऊ टायर दिला असेल तर 'सस्पेन्शन काय सुधारलंय' अशी वाहवा फुकटची मिळते.

तुलना कोणाशी करताय?

साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि शोरूममधली कोरी गाडी लागोपाठ चालवून बघितली की नवी चांगली वाटणारच. त्यातला किती फरक नव्या ट्यूनिंगचा आणि किती आपल्या गाडीच्या झिजेचा, हे वेगळं केल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. आपलीच गाडी तिच्या मूळ पार्टांनी ठणठणीत केल्यावर बऱ्याच जणांची हौस तिथेच फिटते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुरुवात हवेपासून. टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. गरम टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, त्यामुळे पंपापर्यंत लांबून गाडी चालवत जाऊन मोजलेली हवा थंडपणी कमी पडते. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ३५२१ म्हणजे २०२१चा पस्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षं जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी दगडासारखा होतो आणि लहान धक्के थेट आत पाठवतो. त्याचा दोष शॉकअपला लावला जातो.

मग शॉकअप. कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. अर्धा गेलेला त्यात पास होतो, कारण हातानं मिळणारा वेग फार कमी असतो. त्यापेक्षा या खुणा बघा: टायरच्या नक्षीवर ठरावीक अंतरानं वाटीसारखे खळगे, उंचवट्यावरून उतरल्यावर गाडीचं एकदाच न बसता दोन-तीनदा तरंगणं, खरखरीत रस्त्यावर ब्रेक मारताना मागच्या चाकांचं थडथडणं. शॉकअपच्या वरच्या भागावर तेलाचा पुसट, धुळकट थर चालतो. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर तो गेला.

बुश तपासताना गाडी चाकांवर उभी ठेवून टॉर्चनं बघा आणि मग उचलून पट्टीनं हलवा. लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशला बारीक चिरा असतात, त्या वरवरच्या असतील तर चालतं. रबर धातूच्या नळीपासून सुटलं असेल किंवा आत द्रव भरलेल्या बुशमधून काळा ओघळ आला असेल तर बदलायचा. लहान खड्ड्यांवर 'टकटक' येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्या. तो स्वस्त आणि सोपा पार्ट आहे आणि बहुतेक वेळा तोच असतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टण्ण' असा स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला तर टॉप माउंटचं बेअरिंग.

शेवटी चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. सपाट जागा, अर्धी टाकी, डिकी रिकामी. हे चार आकडे पुढे सारखे लागतील. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात दहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली आहे. खालचं टोक तुटून स्प्रिंग बसते त्या वाटीत लपलेलं असतं, वरून दिसत नाही.

कोणता पार्ट येतो, कोणता नाही

शॉकअप आणि त्याचा बम्प स्टॉप ही सर्वांत फायद्याची जोडी. पुढच्या स्ट्रटसाठी (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) जुळवायच्या गोष्टी अशा: नकलला (चाकाचा हब धरणारा धातूचा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टमधलं अंतर आणि बोल्टचा व्यास, स्प्रिंगच्या खालच्या वाटीचा व्यास आणि उंची, लिंक रॉडच्या कानाची जागा, ब्रेक होज आणि एबीएस वायरच्या क्लिपची जागा, वरच्या दांड्याचा व्यास आणि आटे. यातलं एक जरी जुळलं नाही तरी थांबा. क्लिपची जागा जुळत नाही म्हणून झिप टायनं होज बांधणारे भेटतात. चाक पूर्ण वळवल्यावर तोच होज टायरला घासतो.

बम्प स्टॉपला फुटकळ समजू नका. आजच्या गाड्यांत तो नुसता शेवटचा अडसर नसून दुसऱ्या स्प्रिंगचं काम करतो, आणि मॉडेल वर्षातले बरेच बदल त्याच्या लांबीत आणि आकारातच झालेले असतात. नवा शॉकअप आणि जुना लांब बम्प स्टॉप असा संसार मांडला तर दांडा लवकर रबराला टेकतो आणि नव्या ट्यूनिंगचा पत्ताच लागत नाही.

स्प्रिंग वजनाला बांधलेली असते. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिक, सनरूफवाली अशा प्रकारांना वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात आणि त्यांवर रंगाच्या खुणा असतात. नव्या वर्षाची पण दुसऱ्या इंजिनाची स्प्रिंग घातली तर गाडीचं नाक वर किंवा खाली होतं. शिवाय स्प्रिंगचा कडकपणा तसाच चाकापर्यंत पोचत नाही. मागची स्प्रिंग आर्मच्या मधोमध कुठेतरी असते. ती चाकाच्या ०.७ पट हलत असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७चा वर्ग, म्हणजे निम्माच. पुढच्या स्ट्रटला हे गुणोत्तर एकच्या जवळ असतं. म्हणून 'पुढे १८ टक्के कडक केली, मागेही १८ टक्के करू' हे टक्क्यांत ठीक आहे, पण 'पुढे पाच न्यूटन प्रति मिमी वाढवले, मागेही पाच' हा हिशेब चुकतो.

स्प्रिंग कडक करून जुना शॉकअप तसाच ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. स्प्रिंग ४० टक्के कडक झाली की तोच शॉकअप तिच्या मानानं सुमारे १५ टक्के कमी पडतो. झोका किती लवकर शमतो ते सांगणारं डॅम्पिंग गुणोत्तर ०.३० असेल तर ०.२५वर येतं. गाडी कडकही लागते आणि वर झुलतेही, दोन्हीकडून तोटा.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं नातंही जपायला हवं. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी दाखवून दिलं की मागचं टोक पुढच्यापेक्षा थोडं जलद हललं तर गाडी सपाट राहते. कारण सोपं आहे: उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. २.६ मीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असेल तर ताशी ६० किमीला हा उशीर ०.१६ सेकंदाचा असतो. मागचं टोक जलद असलं की ते पुढच्याला गाठतं आणि डोलणं लवकर थांबतं. साध्या गाड्यांत हा वेग सेकंदाला एक ते दीड झोक्याच्या आसपास असतो. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर क्रम उलटतो आणि महामार्गावर गाडी होडीसारखी पुढे-मागे डोलायला लागते.

स्टॅबिलायझर बार बदलायला सोपा, पण सबफ्रेमला धरणारे बुश नव्या व्यासाचेच हवेत. २२ मिमीच्या बुशमध्ये २४ मिमीचा बार दाबून बसवला तर तो अडकून चालतो आणि कुरकुरतो. नव्या मॉडेलमध्ये पुढचा-मागचा दोन्ही बार जाड झाले असतील तर दोन्ही आणा. फक्त मागचा जाड केला की वळणात मागचं टोक सुटायची प्रवृत्ती वाढते, आणि ओल्या रस्त्यावर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

नकल, सबफ्रेम, ट्विस्ट बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी पिळणारी तुळई), स्टिअरिंग रॅक यांत बदल असेल तर नाद सोडा. कॉइलच्या जागी एअर स्प्रिंग किंवा इलेक्ट्रॉनिक शॉकअप आले असतील तरीही. त्यांना सेन्सर, वायरिंग आणि कंट्रोल युनिट लागतं, आणि नुसतं कनेक्टर मोकळं सोडून लावलेला इलेक्ट्रॉनिक शॉकअप बहुधा एकाच ठरावीक कडकपणावर अडकतो.

कमी चाललेल्या गाडीतून काढलेले पार्ट चांगले पडतात. गाडी खाली करण्याच्या हौसेपायी लोक कोरे शॉकअप काढून ठेवतात. घेताना दांड्यावर नख फिरवा. गंजाचा एक खड्डा जरी लागला तरी तो सील कापणार. नळीवर चेप असेल तर घेऊ नका. अपघातातल्या गाडीचा स्ट्रट वाकलेला असू शकतो आणि डोळ्यांना कळत नाही.

पुढचे स्ट्रट बदलताना

एका ॲक्सलसाठी मागवायचं सामान: दोन शॉकअप, दोन बम्प स्टॉप आणि धूळ-टोप्या, दोन टॉप माउंट बेअरिंगसह, स्प्रिंगखालची-वरची रबरं, दांड्याचे नवे नट, नकलचे बोल्ट-नट. लॉक नट पुन्हा वापरायचे नसतात. काही बोल्ट ताणून बसणारे असतात, म्हणजे टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायचे. ते एकदाच वापरायचे. हत्यारांत फ्लोअर जॅक, दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड), टॉर्क रेंच, गोटी पाने, ॲलन की आणि बऱ्यापैकी दर्जाचा स्प्रिंग कम्प्रेसर.

आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टांवरची माती वायर ब्रशनं काढून गंज सोडवणारं तेल मारा. दुसऱ्या दिवशी गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, उचला आणि घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम नाही. दोन्ही बाजू एकदम उचला: एकच चाक लोंबतं ठेवलं तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉड सुटताना झटका देतो.

वरच्या बाजूचा दांड्याचा मधला नट स्ट्रट गाडीत असताना काढायचा नाही. स्प्रिंग दाबलेली आहे आणि तो नटच तिला धरून आहे. काढायचे ते टॉप माउंट बॉडीला धरणारे बाजूचे नट, तेही सर्वांत शेवटी.

क्रम असा ठेवा. एबीएस वायर आणि ब्रेक होज क्लिपमधून सोडवा. लिंक रॉडचा नट काढताना मधल्या खाचेत ॲलन की धरा, नाहीतर बॉलच फिरत राहतो. लोअर आर्मखाली जॅक हलका टेकवा. नकलचे दोन बोल्ट काढताना नट फिरवा, बोल्टचं डोकं धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत बोल्टला दाते असतात आणि तो फिरवला तर भोक खराब होतं. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलायला बघतं. त्याला दोरीनं स्प्रिंगच्या जागेकडे बांधून ठेवा. बाहेर पडू दिलं तर ब्रेक होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट उकलू शकतो. रोलर एकदा घरातून निसटले की अर्ध्या दिवसाचं काम वाढलं.

आता धोक्याचा भाग. तीस न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग दीडशे मिमी दाबलेली असली की तिचा जोर ४५०० न्यूटन होतो, म्हणजे साधारण ४६० किलो. कम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर, जास्तीत जास्त वेटोळी पकडतील असे लावा आणि आलटून पालटून थोडं थोडं आवळा. स्प्रिंग दोन्ही वाट्यांतून सैल झाली, हातानं हलायला लागली, की मगच दांड्याचा नट काढा. तोंड किंवा छाती स्प्रिंगच्या रेषेत आणू नका. कम्प्रेसरला इम्पॅक्ट गन लावू नका, आटे तापून घसरतात. हे काम करायला मन धजत नसेल तर स्ट्रट बाहेर काढून गॅरेजच्या भिंतीवरच्या कम्प्रेसरवर स्प्रिंग बदलून घ्या. त्यात कमीपणा नाही.

नवा शॉकअप आडवा पडलेला असेल तर दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा भलत्या जागी जाते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. दिशा बदलताना मोकळा पट्टा जाणवायचा बंद झाला की तयार. दांडा पक्कडीनं धरू नका. जोडताना स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलेलं हवं, पाच-दहा मिमीची फट चालते. टोक पायरीवर चढलं तर पहिल्या खड्ड्यात 'खटाक' करून जागा शोधतं आणि वाटीचा रंग खरवडून गंजाला आमंत्रण देतं. दांड्याचा नट टॉर्क रेंचनं आवळा. इम्पॅक्ट गननं दांडा आत गरगरतो आणि सील किंवा पिस्टनचा नट बिघडतो.

टॉर्कचे आकडे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलेच वापरा. अंदाज म्हणून, लिंक रॉडचा १० मिमीचा नट बहुधा ४० ते ६० न्यूटन-मीटर, चाकाचे नट १०० ते १२०च्या आसपास, नकलचे बोल्ट बरेच जास्त. नकलच्या बोल्टांना भोकात थोडी ढिलाई असते आणि त्यावरच कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, ठरतो. दोन्ही बाजूंना नकल एकाच दिशेला, आत किंवा बाहेर, ढकलून आवळा, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी निदान सरळ चालेल.

मागची बाजू आणि बुशचा नियम

मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतील तर काम हलकं आहे. एकच पथ्य: शॉकअप काढण्याआधी ॲक्सल किंवा आर्मखाली जॅक लावा. चाक किती खाली लोंबायचं हे शॉकअपच ठरवतो. तो सुटला की सगळं वजन ब्रेक होजवर येतं आणि स्प्रिंग उडून बाहेर येऊ शकते.

रबरी बुशमधून जाणारा प्रत्येक बोल्ट, पुढचा असो वा मागचा, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असताना पक्का आवळायचा. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली टेकवताच बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी काही मिमी उंच राहते, राइड विनाकारण कडक लागते आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. नवे शॉकअप खराब निघाले अशा तक्रारींत हे कारण हमखास सापडतं. जॅकनं आर्म उचलून हब ते मडगार्ड उंची तुमच्या वहीतल्या आकड्याइतकी करा, मग आवळा.

पॉलियुरेथेनचे बुश घेतले तर सोबतचं सिलिकॉन ग्रीस नीट लावा. ते पिळत नाहीत, घसरतात, म्हणून कोरडे राहिले की कुरकुरतात. रोजच्या गाडीला आम्ही नव्या मॉडेलचे मूळ रबरी बुशच सुचवू.

बसवल्यावर

अलाइनमेंट करून घ्याच. स्ट्रट सुटला म्हणजे कॅम्बर हलला, आणि त्यामागोमाग टो, म्हणजे वरून बघताना चाकांचा आत-बाहेरचा रोख. पण नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर केलेलं अलाइनमेंट टिकतं. तोवर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी एकदा टो तेवढा जुळवा. कोणत्या वर्षाचे आकडे वापरायचे? पार्ट नव्या मॉडेलचे आणि उंची बदललेली असेल तर नव्याचे, सबफ्रेम आणि नकल दोन्हींत एकच असेल तरच. नाहीतर जुन्याचे. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा रोख तपासा, मागच्या आर्मला हेडलाइट लेव्हलिंगचा सेन्सर जोडलेला असेल तर त्याचं शून्य पुन्हा बसवा, आणि काचेमागे लेन बघणारा कॅमेरा असेल तर कंपनीच्या सूचनेनुसार त्याचं कॅलिब्रेशन करा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट न केल्यास स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागू शकतो. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला वाटतं मागे वजन नाही आणि मागचे ब्रेक कमी पडतात.

फरक पडला का हे ठरवताना रस्ता, वेग, हवा आणि गाडीतली माणसं तीच ठेवा. बदलही एका वेळी एका ॲक्सलचा किंवा एका जोडीचा. टायर आणि शॉकअप एकाच आठवड्यात बदलले तर श्रेय कोणाला द्यायचं ते कधीच कळत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या जोखा: लांब लाटेसारख्या रस्त्यावर गाडी एका झोक्यात बसते का, तुटक्या कडेवर चाक जोरात आदळतं की मऊ उतरतं, आणि एका वळणात अर्ध्यात खड्डा लागला तर गाडी रेघ सोडते का. पहिली सुधारली आणि दुसरी बिघडली तर शॉकअपचा रोध वाढलाय; हे नव्या मॉडेलमध्येही असंच असेल तर तो कंपनीनं केलेला सौदा आहे, बिघाड नव्हे. दुसरी फारच बिघडली असेल तर बम्प स्टॉपच्या नंबरची पुन्हा खात्री करा.

बसवल्यानंतर आवाज आला तर शोधायचा क्रम: लिंक रॉडचा नट, टॉप माउंटचा मधला नट, स्प्रिंगचं टोक, बारचे बुश. शॉकअप सर्वांत शेवटी. पाचशे किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टांवर एकदा टॉर्क रेंच फिरवा आणि चारही उंच्या पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशेजारी लिहा. काढलेला जुना संच डावा-उजवा असं लिहून, शॉकअप उभे ठेवून, जपा: गाडी वॉरंटीत असेल किंवा पुढे विकायची झाली तर मूळ पार्ट परत लावायची वेळ येते.